पाणंद, शिवरस्ता, धुऱ्यावरची वाट: ओपनस्ट्रीटमॅपवर ‘कोणाला जाता येतं’ हे कसं लिहायचं?

दुधनाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. माझं निम्म्याहून जास्त काम गावात नसतं, आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-वस्त्यांवर असतं. फोन येतो, “डॉक्टर, म्हैस अडलीय, लवकर या,” आणि पत्ता मिळतो तो असा: कॅनॉलच्या पुलावरून खाली उतरा, लिंबापासून डावीकडं वळा, तिसऱ्या धुऱ्यानं (बांधानं) सरळ. दिवसा एवढं पुरतं. रात्री, सोयाबीन मांडीपर्यंत आलेलं असताना, तिसरा धुरा कोणता हे घरचा माणूस बॅटरी हलवत उभा राहिल्याशिवाय कळत नाही. अडलेल्या जनावराला तेवढी सवड नसते. म्हणून मी दवाखान्याच्या हद्दीतल्या वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येते अशा खुल्या नकाशावर, टाकायला घेतल्या. जाताना मोबाइलवर ट्रॅक चालू ठेवायचा आणि घरी आल्यावर जोसम या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा ओढायची. पाणंद सॅटेलाइटच्या चित्रातही ओळखू येते, दोन्ही अंगांना बाभळी असतात म्हणून. धुऱ्यावरची वाट मात्र चालल्याशिवाय नकाशावर येत नाही.

रेषा ओढण्यात काही अवघड नाही. त्या रेषेवरून कोणाला जाता येतं हे लिहायची वेळ आली की माझा हात थांबतो. तीन जागा सांगतो.

पहिली, मुरूम टाकलेली पाणंद. तोंडाशी सिमेंटच्या खांबावर योजनेचा फलक आहे: कामाचं नाव, रक्कम, कुठून कुठपर्यंत. फलकाप्रमाणं ती थेट शिवेपर्यंत जाते. प्रत्यक्षात अर्ध्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्यात. माणूस बाजूच्या वावरातून निघून जातो, मोटारसायकल मागं वळवावी लागते.

दुसरी जागा एका तांड्याच्या वाटेवर आहे. तिथं तेलाचा पत्र्याचा डबा कापून, सरळ करून लिंबाला ठोकलाय. त्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलंय: “खाजगी रस्ता. वाहन आणू नये.” ‘वाहन’ हा शब्द दोनदा गिरवलाय, बाकीचे एकदाच. याच वाटेनं तांड्यावरची पोरं शाळेला जातात, बाया डोक्यावर चारा घेऊन येतात. वावराचा मालक बांधावरच होता, म्हणून त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “पायी जाणाऱ्याला कामून अडवू डॉक्टर? ट्रॅक्टरवाले कडेची तूर मोडून जातेत, त्येंच्यासाठी हाय ती पाटी.” म्हणजे नुसती पाटी वाचली तर सगळी वाट खाजगी ठरते आणि माणसाला विचारलं तर चालणाऱ्याला मोकळी आहे.

तिसरी जागा जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा सर्व्हिस रोड. हा कालवा 208 किलोमीटरचा, आमचा निम्मा तालुका त्याच्या कडेनंच हिंडतो. पुलाजवळ पाटबंधारेचा फलक आहे, पण त्यावरची अक्षरं उन्हानं गेलीत. अडवत कोणी नाही. तरी रस्ता खात्याचा आहे, गावाचा नाही.

ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर इंग्लंडची पद्धत वाचली. तिथं 1949 च्या कायद्यानं प्रत्येक भागाचा सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार झाला. वाटेवर खुणा असतात, पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा बाण घोडेस्वारांनाही मुभा असलेल्या वाटेचा. नकाशात ‘डेझिग्नेशन=पब्लिक_फुटपाथ’ लिहिलं की झालं. आपल्याकडं बाण नाहीत. योजनेचा फलक, डब्याचा पत्रा आणि काट्या, एवढ्यावरूनच ठरवायचं आहे.

तर विचारायचं असं: या तिन्हींना कोणते टॅग (रेषेला जोडायच्या नोंदी) लावायचे? पाटी वेगळी नोंदवायची का? आणि उद्या कोणी वाट नांगरून टाकली तर मी रेषा पुसायची का? हे मी मनापासून विचारतोय, कारण नकाशातल्या माझ्या एका शब्दानं तांड्यावरच्या पोरांची वाट बंद व्हायला नको आणि त्या तूरवाल्याच्या वावरात ट्रॅक्टरही घुसायला नकोत.

बालाघाटपायी (बीड)

सर, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका: एका वाटेला एकच ॲक्सेस, म्हणजे जायची मुभा, असते असं नाही. चालणारा, दुचाकी, ट्रॅक्टर, प्रत्येकाचं वेगळं लिहिता येतं आणि आपल्या भागात ते वेगळंच लिहावं लागतं.

तांड्याच्या वाटेला ‘फुट=परमिसिव्ह’ आणि ‘मोटर_व्हेईकल=प्रायव्हेट’. परमिसिव्ह म्हणजे मालकानं जाऊ दिलंय, त्याचं मन बदललं तर तो थांबवू शकतो. ‘यस’ लिहिलं तर त्याचा अर्थ हक्क आहे असा होतो. तो हक्क तांड्याला कदाचित असेलही, पण तुमच्या हातात आज मालकाचा शब्द आहे, तेवढंच लिहा.

पाटी वेगळी नोंदवायची, नक्कीच. ज्या लिंबावर आहे तिथं एक बिंदू टाका आणि ‘इन्स्क्रिप्शन’मध्ये पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा देवनागरीत लिहा. आपला अर्थ त्यात घुसवू नका. योजनेच्या फलकाला ‘इन्फर्मेशन=बोर्ड’ चालतं. फोटो मॅपिलरीवर (रस्त्यांच्या फोटोंच्या साइटवर) चढवला तर पुढच्या माणसाला स्वतः बघता येतं. मात्र फोटोत किंवा टॅगमध्ये मालकाचं नाव, गट नंबर, मोबाइल येऊ देऊ नका. कोणाच्या वावरातून वाट जाते हे नकाशाला कळायची गरज नाही.

काट्यांसाठी त्या ठिकाणी ‘बॅरिअर’ टाका, त्यावर ‘फुट=यस’, ‘मोटर_व्हेईकल=नो’ आणि ‘चेक_डेट’ भरा. तारीख महत्त्वाची आहे. आमच्याकडं पेरणीच्या दिवसांत आडव्या पडलेल्या काट्या सुगीला मालक स्वतःच बाजूला ओढतो, कारण तेव्हा त्यालाही मळणीयंत्र आत न्यायचं असतं. तारीख नसलेली काटेरी आड नकाशात वर्षानुवर्षं पडून राहते.

नांगरलेल्या वाटेची रेषा पुसू नका. सॅटेलाइटची चित्रं जुनी असतात. तुम्ही पुसलं की पुण्या-मुंबईत बसलेला कोणीतरी जुनं चित्र बघून ती परत ओढणार. ‘डिसयूज्ड:हायवे’ असं करा आणि ‘नोट’मध्ये लिहा की अमुक महिन्यात वाट नांगरलेली पाहिली. लोक अजून तिथूनच चालत असतील तर ती वाट आहेच, मग ‘हायवे=पाथ’ तसंच ठेवा.

आणखी एक. चिखल हा मनाईचा प्रकार नाही. जूनमध्ये काळ्या भुईत गाडी रुतते म्हणून ‘मोटर_व्हेईकल=नो’ लिहिणारे मी पाहिलेत. ते चूक आहे. त्यासाठी ‘सरफेस’, ‘ट्रॅकटाइप’ आणि ‘स्मूदनेस’ आहेत. मुरूम नसलेल्या पाणंदीला मी ‘ग्रेड5’, म्हणजे सगळ्यात मऊ मातीची वाट, देतो.

साखळीआणे (छत्रपती संभाजीनगर)

डॉक्टरसाहेब, मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होतो, आता निवृत्त. तुमचे टॅग मला समजत नाहीत, वाटा समजतात. हक्काबद्दल लिहायचंय म्हणता, तर गाव नकाशा वाचायला शिका. वाचणाऱ्याला त्यात पुष्कळ सापडतं.

गाव नकाशात वाटा सगळ्या सारख्या काढलेल्या नसतात. दोन भरीव रेषांचा रस्ता असतो, त्याची जमीन कोणत्याच भूमापन क्रमांकात धरलेली नसते. तो सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 20, सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा राज्याच्या. त्यावर कोणी पाटी लावली तरी तो खाजगी होत नाही. दुसरा प्रकार दुबार तुटक रेषांचा, तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तिसरा तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागं मोजणीची साखळी आहे. आमची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे, सव्वाआठ म्हणजे चार आणे. 33 गुणिले 33 केलं की एक गुंठा, 1089 चौरस फूट. जुन्या लोकांनी रस्तासुद्धा आण्यात मोजला.

आता गोम इथं आहे. गाडीमार्ग आणि पायमार्ग यांचं क्षेत्र शेतकऱ्याच्या भूमापन क्रमांकातच असतं, पोटखराब म्हणजे लागवडीत न धरलेलं क्षेत्र म्हणून. त्यामुळं तो सातबारा दाखवून म्हणतो, “जमीन माझी.” जमीन त्याचीच आहे, पण पोटखराबाचे दोन वर्ग असतात. वर्ग ‘अ’ म्हणजे खडक, नापीक, शेतातली इमारत वगैरे. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक कारणानं आकारणीतून सोडलेलं क्षेत्र. सातबाऱ्यावर ‘ब’ मध्ये काही गुंठे दिसले तर ते कशापायी सोडले हे विचारा. बहुतेक वेळा तिथं वाट निघते.

धुऱ्यावरची वाट हा चौथा आणि वेगळा प्रकार. त्याच 1966 च्या अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदार शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देतात. तो त्या शेतात जाणाऱ्याचा हक्क आहे, अख्ख्या जगाचा नव्हे. शिवाय त्या निर्णयावर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. असल्या वाटेला तुम्ही ‘सर्वांना खुली’ लिहिलंत तर ते खोटं होईल. आणि वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. लोक दोन-दोन वर्षं घरातल्या घरात भांडतात आणि मग येतात. तुमच्या त्या तारखेच्या फोटोचा उपयोग झाला तर इथं होईल. नकाशातली रेषा हा हक्काचा पुरावा नाही, हे मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर सांगा.

मराठवाड्यातल्या माणसानं आणखी एक ध्यानात ठेवावं. आपल्याकडची मूळ मोजणी निजामाच्या राजवटीतली. जुन्या कागदांवर उर्दू मजकूर असतो, तो वाचणारा माणूस शोधावा लागतो. 1954 च्या खासरा पत्रकापासून (जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकापासून) पुढं काम सोपं होतं. 2025 मध्ये शासनानं शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचा निर्णय केलाय, तो नीट राबवला गेला तर तुमच्या पुढच्या पिढीचं काम पुष्कळ हलकं होईल.

बालाघाटपायी (बीड)

काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला. फक्त नव्या लोकांसाठी एक खबरदारी. गाव नकाशा वाचा, समजून घ्या, पण त्यावरून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रेषा गिरवू नका. आपला डेटा 2012 पासून ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली आहे. ज्या नकाशावर असा मोकळा परवाना लिहिलेला नाही त्यातलं काही उचलता येत नाही, मग तो सरकारी असो की गूगलचा. गाव नकाशा तुम्हाला कुठं जाऊन बघायचं ते सांगतो. नोंद होते ती तिथं जाऊन, चालून, विचारून जे मिळालं त्याची.

तुरीचंवावर (हिंगोली)

मी नकाशा करणारी नाही, शेती करते. दोन गोष्टी सांगते, त्या तुमच्या चर्चेत आल्या नाहीत.

आमची वाट घरातल्याच माणसानं अडवली होती. हिश्श्याच्या भांडणात धुऱ्यावर तारेचं कुंपण आलं. त्या साली सोयाबीनचे कट्टे आम्ही डोक्यावरून डांबरीपर्यंत आणले. दीर, सासरे, मी, सगळे. ट्रॅक्टर त्या तारेपाशीच उभा राहायचा. घरात गरोदर बाई होती आणि 108 ची गाडी कुठपर्यंत येईल हाच एक घोर होता. तेव्हा काका सांगतात ते सहा महिने आम्हाला कोणी सांगितले नव्हते. म्हणून डॉक्टर, तुम्ही करताय ते करत राहा. अडवलेली वाट ‘इथं अडवलीय’ म्हणून नकाशात दिसली तरी गाडीवाला आधीच दुसरीकडून येईल.

दुसरी गोष्ट भीतीची. आमच्याकडं नदीकाठच्या ज्या वाटेनं मोठी गाडी जाते असं कळलं, तिथून रात्री वाळूचे टिप्पर सुरू झाले. पावसाळा संपेपर्यंत वाटेचा पार चाळणा झाला, बैलगाडीसुद्धा जाईना. तेव्हा मुरमाची पाणंद सगळ्या वाहनांना खुली लिहिण्याआधी गावात विचारा. शेतीच्या गाड्यांना मोकळी असं काही लिहिता येत नाही का?

बालाघाटपायी (बीड)

येतं ताई. ‘मोटर_व्हेईकल=ॲग्रिकल्चरल’. आणि जड गाड्यांसाठी ‘एचजीव्ही=नो’, पण ते तिथं तशी पाटी किंवा ग्रामपंचायतीचा आडवा खांब असेल तरच. आपल्याला नकोय म्हणून मनाई लिहिता येत नाही. ग्रामसभेनं ठरवून पाटी लावली तर ती पाटी नकाशात घ्यायला मी स्वतः येईन.

दुधनाकाठ (परभणी)

सगळ्यांचे आभार, विशेष काकांचे आणि ताईंचे. काय काय नोंदवलं ते लिहितो, म्हणजे पुढं कोणाला असाच प्रश्न पडला तर उपयोगी पडेल.

तांड्याच्या वाटेला चालणाऱ्यांसाठी परमिसिव्ह, वाहनांना प्रायव्हेट. लिंबावर बिंदू आणि पाटीचा मजकूर अक्षर न अक्षर. टाकायच्या आधी मालकाला मोबाइलवर दाखवलं. त्यानं चष्मा काढून स्क्रीन जवळ धरली, आपली विहीर शोधली, मग म्हणाला, “जनावराच्या डॉक्टरला जाऊ देतो असं बी लिवा.” तसा टॅग नाही. पण त्याला ते सांगावंसं वाटलं, यातच मला या कामाचं सार्थक वाटलं. तलाठ्यांकडं गाव नकाशाही बघितला. तिथं तुटक एकेरी रेषा आहे, अगदी तांड्यापर्यंत. म्हणजे काकांच्या हिशोबानं चार आण्यांचा पायमार्ग. ही माहिती नकाशात टाकली नाही, परवान्याचं कारण समजलंय. तांड्यावरच्या नाईकांना मात्र सांगितली आणि नक्कल कुठं अर्ज करून मिळते तेही सांगितलं. पोरांची वाट मालकाच्या मर्जीवर नाही, कागदावर आहे, हे त्यांना माहीत असलंच पाहिजे. मालक चांगला आहे, पण वावर उद्या विकलं जाऊ शकतं.

मुरमाच्या पाणंदीला ‘हायवे=ट्रॅक’, पायी यस, वाहनांना ॲग्रिकल्चरल. काट्यांच्या ठिकाणी आड, तारखेसह. ग्रामपंचायतीत चौकशी केली तेव्हा दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. त्या भांडणात मी पडणार नाही. पण वाट कुठं तुटते हे नकाशात स्पष्ट दिसायला हवं, कारण मी स्वतः रात्री लसीची बर्फपेटी घेऊन तिथून मागं फिरलोय.

कालव्याच्या रस्त्याचं मात्र ठरत नाही. फलक वाचता येत नाही, विचारावं तर कालव्यावरचा कर्मचारी म्हणतो, “जावा की, कोण बघतंय.” याला परवानगी म्हणायचं का?

साखळीआणे (छत्रपती संभाजीनगर)

नाही म्हणायचं. ज्याला परवानगी द्यायचा अधिकारच नाही त्याच्या ‘जावा की’ला काही अर्थ नाही. ती जमीन कालव्यासाठी संपादित झालेली आहे. उपविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा. उत्तर येईल तेव्हा येईल, तोपर्यंत तो रकाना मोकळा ठेवा. आम्ही मोजणीत हेच करायचो. हद्दीचा दगड सापडला नाही तर तिथं काल्पनिक दगड दाखवायचा नाही, ‘दगड मिळून आला नाही’ असं लिहायचं.

दुधनाकाठ (परभणी)

पटलं काका. ‘हायवे=सर्व्हिस’ एवढंच ठेवलं, ॲक्सेसचा टॅग काढला, ‘नोट’मध्ये फलक वाचता येत नाही असं लिहिलं. अर्जही देतो.

आता शेवटची विचारणा सेलू, मानवत, पाथरीकडच्या लोकांना. आपल्याकडं आखाड्याचा पत्ता चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या लहान पाटाच्या, नंबरावर चालतो. “अमक्या नंबरच्या चारीवर या” म्हटलं की कोणालाही कळतं. ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातल्या बहुतेक चाऱ्या नुसत्या निळ्या रेषा आहेत, नंबर नाहीत. ज्या चारीच्या तोंडाशी गेटवर नंबर रंगवलेला आहे, त्याचा फोटो काढून तो नंबर ‘रेफ’ या क्रमांकाच्या टॅगमध्ये टाकायला मी सुरुवात केलीय. ज्यांच्या शिवारात गेटवरचा नंबर अजून वाचता येतो त्यांनी पावसाळ्याच्या आत तेवढं एक काम करावं. एकदा वेल चढले की गेटच दिसत नाही.

तुरीचंवावर (हिंगोली)

आमच्याकडं तो कालवा नाही, पण पूर्णेच्या कालव्याच्या चाऱ्या आहेत. त्यांचेही नंबर असतात. फोटो कुठं पाठवायचे तेवढं सांगा, मुलगी मोबाइलवर करून देईल.

बालाघाटपायी (बीड)

ताई, पाठवू नका, मुलीलाच शिकवू. तिच्या मोबाइलवर ‘एव्हरी डोअर’ हे ॲप टाकून घ्या, फुकट आहे. चारीच्या तोंडाशी उभी राहिली की तिथूनच नोंद करता येते. अडलं तर इथंच लिहा.